मुलांसाठी ख्रिस्ती आणि ऐतिहासिक माणसांची चरित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संडे स्कूलचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं त्यामुळे हे प्रश्न मला चर्चच्या दारात, व्हॉट्सअॅपवर, लग्नाच्या पंगतीत कुठेही विचारले जातात. काही आयांचे आहेत, काही आजोबांचे आणि दोन-तीन तर मुलांचेच. जिथे बोलण्यासारखं आहे तिथे भरपूर बोलले आहे, बाकी ठिकाणी दोन ओळीत आटपलं आहे.

कितव्या वर्षापासून चरित्रं द्यायची?

सात-आठ वर्षांपर्यंत वाचायला देऊ नका, तोंडी सांगा, आणि पूर्ण आयुष्य तर अजिबात नको, एक प्रसंग पुरे. नऊ-दहाला छोटं पुस्तक चालतं. बारा-तेराला मात्र सगळं द्या, म्हणजे कर्जं, भांडणं, आजारपणं, हट्टीपणा सगळं. या वयाची मुलं आपल्यापेक्षा जास्त ओळखतात की कुठे काहीतरी गाळलंय.

एकच नाव सांगा, सुरुवात कोणापासून करू?

पंडिता रमाबाई. दुसरा विचारच नको.

मुलांना काय सांगायचं ते सांगते. १८५८ ला जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्या काळात बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं, पायी, आणि मग दुष्काळात आई-वडील दोघं थोड्या अंतराने गेले. राहिली रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं चालत चालत हिंदुस्थानभर फिरली आणि १८७८ ला कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. मग लग्न, तेही जातीबाहेर, एका बंगाली वकिलाशी, मुलगी झाली मनोरमा, आणि दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. इथपर्यंत वय किती, तर चोवीसच्या आसपास! मुलं इथे हमखास थांबून विचारतात की मग आता तिचं कोण? कोणीच नाही. इथूनच तर त्यांचं काम सुरू होतं.

१८८३ ला इंग्लंडला गेल्या, तिथे बाप्तिस्मा घेतला, पुढे अमेरिकेत फिरून पैसे उभे केले आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या अगदी पहिल्या मुलींपैकी एक होती गोदूबाई, जिच्याशी पुढे १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. महर्षी कर्वे शाळेच्या पुस्तकात असतात, गोदूबाई कुठे शिकल्या ते सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट अशी की रमाबाई स्वतः चरित्रं वाचणाऱ्या होत्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरची अनाथालयं, चीनमधलं हडसन टेलरच्या मिशनचं काम, पॅसिफिकच्या बेटांवरचा जॉन पेटन, यांच्याबद्दल त्यांनी वाचलं आणि मनात प्रश्न आला की तिकडे नुसत्या विश्वासावर हे चालतं तर आपल्याकडे का चालणार नाही. नंतर १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवू देईनात म्हणून केडगावच्या जमिनीवर नेल्या आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. पुस्तक वाचून माणूस नुसता भारावत नाही, कधीकधी बैलगाडी जुंपून निघतो, हे मला रमाबाईंमुळे पटलं.

रमाबाईंवर पुण्यात एवढी टीका झाली, ते मुलांना सांगायचं का?

सांगायचंच. शारदा सदन तोवर पुण्याला हललं होतं. १८९३ मध्ये तिथल्या काही मुली प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, केसरीने झोडपलं, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी पाठीशी असलेली माणसंसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्या लोकांचीही बाजू होती, शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं कबूल झालं होतं. दहावीतल्या मुलांपुढे दोन्ही बाजू ठेवा आणि गप्प बसा, बघा काय मस्त भांडतात.

दुसरीकडे हेही सांगा की ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई साहेबाच्या ताटाखालचं मांजर झाल्या नाहीत. इंग्लंडमध्ये चर्चच्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे मतभेद झाले, काय मानायचं ते मी स्वतः वाचून ठरवीन असा त्यांचा बाणा होता. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात बायकांना जी वागणूक मिळाली त्यावर त्यांनी सरकारविरुद्ध पेपरात लिहिलं.

आम्ही ख्रिस्ती नाही. मिशनऱ्यांची चरित्रं मुलीला दिली तर घरचे म्हणतील हे काय नवीन?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, मी मोठ्याने उत्तर देते. चरित्र वाचून कोणी धर्म बदलत नाही, आणि आपल्या घरातल्या अर्ध्या मोठ्या नावांच्या गोष्टीत कुठेतरी एखादी मिशनरी बाई येतेच. जोतीराव फुले नगरला सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा बघून आले होते, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग याच फॅरारबाईंकडे घेतलं. लग्न न झालेली ही बाई १८२७ ला अमेरिकेहून मुंबईला आली, पुढे नगरला गेली आणि मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. आता सावित्रीबाईंना कोण मिशनरी म्हणेल?

किंवा आनंदीबाई जोशी घ्या. गोपाळरावांनी बायकोला अमेरिकेत शिकवायचंय म्हणून मिशनऱ्यांना पत्र लिहिलं, तिकडून उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा मग बघू. हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि न्यूजर्सीच्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचला! त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र टाकलं, धर्माची अट नाही की काही नाही. १८८३ ला निघण्याआधी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं (बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हिंदू म्हणून जाते, हिंदू म्हणूनच परत येईन. ते कॉलेज कोणी काढलं होतं तर विल्यम कॅरी आणि मंडळींनी. मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून गेल्या. एक ख्रिस्ती झालेली, एक न झालेली, आणि एकमेकींच्या आनंदात सामील. घरच्यांना ही गोष्ट ऐकवा, मग बघू काय म्हणतात.

हां, एक मात्र आहे. जुन्या मिशनरी पुस्तकांत इथल्या लोकांबद्दल फार खालच्या सुरात लिहिलेलं असतं, सगळा देश म्हणजे अंधार आणि दिवा घेऊन आलेला फक्त गोरा साहेब, असं. तसलं पान आलं की उलटून पुढे जाऊ नका, मुलांना विचारा की हे वाचून कसं वाटलं.

मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, दिवसभर क्रिकेट. त्याला काय देऊ?

एरिक लिडल. हा स्कॉटिश धावपटू, जन्म चीनमध्ये, आईवडील मिशनरी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ही त्याची खास शर्यत, आणि तिच्या प्राथमिक फेऱ्या निघाल्या रविवारी. तो म्हणाला रविवारी मी धावत नाही. झालं, पेपरवाले, मोठी माणसं सगळे मागे लागले, हा हलला नाही. ४०० मीटर धावला, जी त्याची मुख्य शर्यत नव्हतीच, आणि ४७.६ सेकंदांत गोल्ड. २०० मीटरला ब्राँझ पण मिळालं.

बहुतेक पुस्तकं इथे संपतात आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे. पुढच्याच वर्षी, करिअर टॉपला असताना, तो चीनला शिक्षक म्हणून निघून गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत कोंडलं, तिथे शेकडो मुलं होती, काहींचे आईवडील जवळ नव्हते. हा त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, मुलं त्याला अंकल एरिक म्हणायची. रविवारी खेळ बंद असायचे. पण पोरं खेळल्याशिवाय थोडीच राहतात, स्वतःच खेळायला लागली आणि रेफरी नाही म्हणून मारामाऱ्या. मग लिडल रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उतरला. ज्याने ऑलिंपिकची शर्यत सोडली त्याने पोरांसाठी नियम सोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटकेच्या काही महिने आधी, ब्रेन ट्यूमरने तो गेला, ४३ वर्षांचा होता.

बाय द वे, त्याच्यावरच्या १९८१ च्या प्रसिद्ध सिनेमात त्याला बोटीत चढताना रविवारचं कळतं असं दाखवलंय, प्रत्यक्षात काही महिने आधीच माहीत होतं. मला तर खरी गोष्ट जास्त अवघड वाटते, कारण आयत्या वेळी बाणेदारपणा दाखवणं वेगळं आणि महिनोन्महिने लोकांची बोलणी खात त्यावर टिकणं वेगळं.

या गोष्टी खऱ्या असतात की वाढवून सांगितलेल्या?

दोन्ही. मुलांच्या पुस्तकांत मीठमसाला जास्तच. अमेरिकेतल्या शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरचं बघा, मराठी वाचणाऱ्या घरात हे नाव माहीत नाही असं होत नाही. पण पीनट बटरचा शोध त्याने लावला असं मुलं वक्तृत्व स्पर्धेत ठोकून देतात, ते चूक आहे, १८८४ लाच त्याचं एक पेटंट दुसऱ्याच्या नावावर निघालं होतं. कार्व्हरचं खरं मोठेपण जमिनीत आहे. कापूस घेऊन घेऊन अमेरिकेच्या दक्षिण भागातली माती मेली होती, त्यात बोंडावर भुंग्यासारखी कीड आली, तेव्हा हा गुलाम आईच्या पोटी जन्मलेला माणूस टस्कीगीच्या कॉलेजातून घोडागाडीत सामान भरून गरीब शेतकऱ्यांच्या बांधावर शिकवायची सोय करतो, भुईमूग लावा, रताळी लावा, भुईमुगाने जमिनीला नत्र मिळतं. विदर्भातल्या पोराला हे वेगळं समजवावं लागत नाही. शिवाय तो रविवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांचा बायबलचा वर्ग घ्यायचा, प्रयोगशाळेला देवाची छोटी कार्यशाळा म्हणायचा.

हॅरिएट टबमनचंही तसंच. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून १८४९ ला पळाली आणि परत परत मागे जाऊन इतरांना सोडवून आणलं. जुन्या पुस्तकांत तीनशे माणसं लिहिलेलं असतं, अभ्यासकांच्या मते तेरा-एक फेऱ्यांत सत्तरच्या आसपास. मुलं म्हणतात मग कमीच झालं की. मी म्हणते पकडली गेली असती तर काय झालं असतं ते माहीत असताना एकदा तरी कोण मागे जाईल?

जॉर्ज म्युलरची सकाळची गोष्ट, घरात खायला काही नाही, मुलांना टेबलावर बसवून प्रार्थना केली आणि दारात पाववाला, मग दूधवाल्याची गाडी बंद पडली, ही प्रत्येक व्हीबीएसमध्ये (चर्चच्या सुट्टीतल्या बायबल वर्गात) सांगतात. सांगा, पण त्याबरोबर हे पण सांगा की हा म्युलर लहानपणी बापाचे पैसे चोरायचा आणि सोळाव्या वर्षी हॉटेलचं बिल बुडवलं म्हणून जेलमध्ये जाऊन आला होता, आणि पुढे हाच माणूस अनाथालयाच्या पै-पैचा हिशेब छापून लोकांसमोर ठेवायचा. वात्रट पोरं ही गोष्ट ऐकताना एकदम सरळ होऊन बसतात.

भयंकर प्रसंग गाळू का? मुलगी रडते.

दहाच्या आतली असेल तर थोडं हात राखून सांगा. मोठी असेल तर रडू दे. कोरी टेन बूमच्या गोष्टीत छळछावणी गाळली तर उरतं काय? हॉलंडमधल्या हार्लेम गावातलं घड्याळजीचं घर, कोरी त्या देशातली परवाना मिळालेली पहिली बाई घड्याळजी, पन्नाशीची, लग्न न झालेली, आणि अशा बाईच्या झोपायच्या खोलीत खोट्या भिंतीमागे ज्यू लोक लपवलेले. फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली, घरचे पकडले गेले, म्हातारे वडील दहा दिवसांत तुरुंगात वारले. भिंतीमागची सहा माणसं मात्र नाझींना सापडली नाहीत. बहीण बेट्सी राव्हन्सब्रुकच्या छावणीत डिसेंबरात गेली, कोरी थोड्याच दिवसांत कारकुनी चुकीमुळे सुटली. मुलांना त्यातला पिसवांचा प्रसंग आवडतो, बराकीत पिसवा एवढ्या की पहारेकरी आत यायचे नाहीत आणि म्हणून बायकांना बायबल वाचता यायचं, बेट्सी त्या पिसवांसाठी देवाचे आभार मानायची आणि कोरीला ते अजिबात पटायचं नाही. कोरी कुरकुर करते म्हणूनच ती खरी वाटते.

विल्यम कॅरीच्या बाबतीतही हेच. चांभारकाम करणारा माणूस, १७९३ ला बंगालात आला, किती भाषांत बायबल छापलं, सतीबंदीच्या कायद्याचं बंगाली भाषांतर केलं, हे सगळे सांगतात. मराठीचं व्याकरण १८०५ ला आणि कोश १८१० ला छापला, वैजनाथ पंडित त्यांना मराठीसाठी मदत करत, हे जरा कमी सांगतात. आणि त्यांची बायको डोरोथी, जिला मुळात यायचंच नव्हतं, लहानगा पीटर गेल्यावर जिचं मन कायमचं बिघडलं आणि जी शेवटपर्यंत सावरली नाही, तिच्याबद्दल तर कोणीच बोलत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला सांगा. ती विचारेल मग कॅरी चांगले की वाईट? तुम्ही पण विचार करा, लगेच उत्तर देऊ नका.

मुलींसाठी वेगळी नावं?

वेगळी कशाला, वरची निम्मी बायकांचीच आहेत. पण मुलगी बारावी सायन्सला असेल तर आयडा स्कडर. मिशनरी घराण्यात जन्म, ठरवलेलं की काही झालं तरी आपण मिशनरी होणार नाही, अमेरिकेत मजेत राहणार. भारतात आईवडिलांकडे आलेली असताना एका रात्री तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष दारात आले, बायको बाळंतपणात अडली आहे, पण पुरुष डॉक्टर चालणार नाही. आयडाचे वडील डॉक्टर, ती नाही. सकाळपर्यंत तिघी गेल्या. ती अमेरिकेला परत गेली, १८९९ ला डॉक्टर झाली, तमिळनाडूतल्या वेल्लोरला आली, आणि १९१८ ला बायकांसाठी मेडिकल स्कूल सुरू केलं, आज ज्याला सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, म्हणतात ते.

आम्ही कॅथलिक आहोत. तुमच्या यादीत सगळे प्रॉटेस्टंटच दिसतात.

बरोबर पकडलंत. फादर डेमियन घ्या. बेल्जियमचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७३ ला हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेला, घरं बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या स्वतः बनवल्या, पुढे त्यालाच रोग झाला आणि १८८९ ला तिथेच गेला. २००९ ला पोपनी संत म्हणून जाहीर केलं. याच्याबरोबर बाबा आमटे आणि वरोऱ्याचं आनंदवन ठेवा, श्रद्धा वेगवेगळ्या पण काम एकच, मुलं आपोआप तुलना करतात.

आणि फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू), १५७९ ला गोव्यात आला आणि अस्सल ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला राशोलला छापलं. मराठी भाषेच्या कौतुकाची हरळांतल्या रत्नाची जी ओवी शाळेच्या फळ्यावर मराठी दिनाला लिहितात ती याचीच, हे कित्येक मराठीच्या सरांना पण सांगावं लागतं.

हसवणारं काही नाही का? सगळं दुःखच दिसतंय.

लक्ष्मीबाई टिळक! त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचून ज्याला हसू आलं नाही त्याने डॉक्टरला दाखवावं. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, घरात काही न सांगता निघून जाणारे नवरे नारायण वामन टिळक, पगार आला की वाटून मोकळे. १८९५ ला टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, पाच-एक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या, आणि हे सगळं लिहिताना स्वतःवरच हसतात. शाळेत कधी न गेलेली बाई. हे पुस्तक मुलांच्या हातात देऊ नका, रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचा, भाषा घरगुती आहे, कानाला लगेच कळते. परदेशातल्या मराठी मुलांनाही हेच, वाचता येत नसलं तरी ऐकून हसतात.

शाळेत भाषण आहे, दोन मिनिटांत कोण बसेल?

विल्बरफोर्स. इंग्लंडच्या पार्लमेंटात गुलामांचा व्यापार बंद करा म्हणत राहिला, १७९१ ला ठराव पडला, नंतरही पडत राहिला, १८०७ ला पास झाला. गुलामगिरीच बंद करणारं बिल १८३३ ला कॉमन्समधून पुढे गेलं आणि तीन दिवसांत तो वारला. दोन मिनिटांत बरोब्बर बसतो, फक्त वर्षं नीट पाठ करा.

सुट्टीत कुठे नेता येईल?

केडगावचं मुक्ती मिशन, पुणे-दौंड लाईनवर आहे, रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर इथेच केलं आणि छापखाना मिशनमधल्या बायका चालवायच्या. आधी फोन करून विचारून जा, ते सहलीचं ठिकाण नाही, आजही तिथे बायका-मुली राहतात. मिरजेला वानलेस हॉस्पिटल, १८९४ चं. गोव्यात गेलात तर बीचवरून एक दिवस काढून राशोल सेमिनरी बघा. आणि गाडी बुक करताना नीट सांगा, केडगाव दोन आहेत, ड्रायव्हर नगरजवळच्या केडगावला घेऊन जाईल.